एका 'घे'ने घातलेला घोळ

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. (लिहिते आहे खुर्चीत बसून, पण मनातून वाकलेच आहे असं समजावं.) मामीलाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर तुम्ही 'अगदी बरा' म्हणालात आणि मागून मामी 'कसला बरा' म्हणाली, तेव्हा यातली कोणती बातमी खरी धरायची तेही कळवा. इकडे सगळे ठीक. यांचा खोकला गेला. थोरली हल्ली घरात असून नसल्यासारखी असते, पण तिचं वयच तसं आहे. मीही हल्ली घरात असून नसल्यासारखी असते, आणि माझं वय तसं नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही दर भेटीत विचारता की मी नेमकं काम काय करते, आणि दर भेटीत मी सांगायला लागले की तुम्हाला डुलकी लागते. आता लिहूनच ठेवते. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशा मुलांना आमची संस्था शिकायला मदत करते. तिथली दोन खाती माझ्याकडे आहेत. एक करिअर मार्गदर्शनाचं, दुसरं माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवण्याचं. म्हणजे आलेल्या मुलाला मी विचारते, 'तुला काय व्हायचंय?' आणि गेलेल्याला विचारते, 'शेवटी काय झालास?' मधली सगळी वर्षं कुणाच्याच खात्यात नाहीत.

तर झालं असं की आमच्या अध्यक्षबाईंनी मला बोलावून घेतलं. (विश्वस्त मंडळाच्या प्रमुख. बोलताना चष्मा काढतात आणि ऐकताना घालतात, त्यामुळे त्यांनी चष्मा घातला की मला जास्त भीती वाटते.) माजी विद्यार्थी परत येतच नसतील तर त्यांच्यासाठी खातं कशाला चालवायचं, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. उत्तर अवघडच होतं. गेल्या वर्षीच्या मेळाव्याला अकरा जण आले होते, त्यातल्या दोघांना जायचं होतं शेजारच्या सभागृहात, दार चुकलं होतं. 'या वेळी मी स्वतः येऊन बघते, मग ठरवू,' बाई म्हणाल्या. माझ्या खात्यात मी धरून तीन माणसं. बाकीच्या दोघांना मी यातलं अक्षर सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते न मागता मला चहा आणून द्यायला लागले, त्यावरून त्यांना सगळं कळलंय हे मी ओळखलं.

निमंत्रण लिहायला बसले ती दुपारची वेळ. आमच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे आणि त्या खिडकीत त्या दिवशी एक ढग येऊन थांबला. मामा, ढग मी पुष्कळ पाहिलेत, पण हा घाईत नव्हता. आधी तो नुसताच लोळत पडला होता. मग हळूहळू त्याला दोन मजले आले, गच्ची आली, गच्चीवर वाळत घातलेली चादर आली, आणि त्या घरात कुणीतरी राहत असावं असं मला वाटायला लागलं. तिथे आत्ता कोण असेल, पाय सोडून बसलं असेल का, त्याला कुणी 'तुमचं उद्दिष्ट काय' असं विचारत असेल का, असा विचार करत मी लिहीत होते. लिहायचं होतं, 'करिअरविषयी मनमोकळं मार्गदर्शन देण्यासाठी अवश्य यावे.' गच्चीवरून खाली उतरता उतरता लिहिलं गेलं, 'मार्गदर्शन घेण्यासाठी अवश्य यावे.' 'दे'च्या जागी 'घे', बाकी काही नाही. पुन्हा वाचून न बघता ते सहाशे चाळीस जणांना पाठवून दिलं आणि खिडकीकडे वळले, तर ढग निघून गेला होता.

मग फोन सुरू झाले. एकाने चाचरत विचारलं, वयाची काही अट आहे का? मला वाटलं, काय हा विनय! एकीने विचारलं, नवरा नोकरीला कंटाळलाय, त्याला आणलं तर चालेल का? मी म्हटलं, आणा की, त्यांचेही अनुभव कामी येतील. पलीकडे ती इतकी गहिवरली की मीच गोंधळले.

मेळाव्याला सत्त्याऐंशी माणसं आली. मी दारात उभी राहून मोजत होते आणि आनंदाने तरंगत होते. (अध्यक्षबाईंनी चष्मा घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला.) सभागृहात तीस टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी आमचा एकेक विद्यार्थी, वय सोळा-सतरा, समोर कोरी वही. पाहुण्यांनी एकेका टेबलाशी बसून बोलायचं, अशी योजना. पाहुणे बसले. मुलांनी पेनाची टोपणं काढली. समोर पाहुण्यांनीही काढली. एका दंतवैद्याने पिशवीतून प्लास्टिकच्या फाईलमध्ये घातलेला आपला बायोडेटा काढून मुलासमोर ठेवला. बस आगाराची वेळापत्रकं करणारा एक जाडसर गृहस्थ हाताची घडी घालून शहाण्या मुलासारखा वाट बघत बसला. सगळेच वाट बघत होते. वरून उन्हाचा एक लांब पट्टा टेबलांवर आडवा पडला होता, पंखे फिरत होते, आणि एवढ्या माणसांत कुणीही बोलत नव्हतं. आपल्याला झोप लागली आहे आणि झोप फार छान आहे, असं मला दोन क्षण वाटलं. मग मी हातातल्या निमंत्रणावर नजर टाकली आणि तो 'घे' दिसला.

माईककडे निघाले. माफी मागायची, चहा द्यायचा, राजीनामा लिहायचा, एवढं क्रमाने ठरलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला. तिथे बसली होती हळूबाई. (तिचं हे नाव मुलांनी ठेवलंय. ती इतकं हळू बोलते की हजेरी घेताना सगळ्यांना श्वास रोखावा लागतो.) तिने समोरच्या बाईंना विचारलं, 'कोणतं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहत नाही?'

हा माझाच प्रश्न, मामा. या मुलांना मी तो तीन-तीनदा विचारलाय, त्यांना तो पाठ आहे. शेजारच्या मुलाने तो ऐकला आणि दंतवैद्याला विचारला. मग पलीकडच्याने, मग त्याच्या पलीकडच्याने. हळूहळू सगळं सभागृह कुजबुजायला लागलं, आणि मी माईकजवळ उभीच राहिले. वेळापत्रकवाले सांगत होते, की कुठेच वेळेवर पोचायचं नाही अशी एक बस त्यांना एकदा चालवून बघायची आहे. दंतवैद्याला खरं तर माणसं आवडतात, पण तोंड मिटलेली. सांगताना सगळ्यांचे चेहरे झोपेतून उठलेल्या लहान मुलांसारखे दिसत होते.

मी पाण्याचा ट्रे घेतला आणि हळूबाईच्या टेबलाशी गेले. समोरच्या बाईंना मी तेव्हा ओळखलं. चौदा वर्षांपूर्वीची आमची विद्यार्थिनी, आता विमा कंपनीत अधिकारी.

'विम्यात कसं जायचं ठरलं?' हळूबाई विचारत होती.

बाईंनी हातातलं पेन माझ्याकडे रोखलं. 'यांनी सांगितलं म्हणून.'

हळूबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. 'ताई, तुम्ही यांना तेव्हा काय विचारलं होतं?'

'गणितात किती मार्क पडले ते.'

'आणि?'

'आणि काही नाही.'

'तुम्हाला काय व्हायचं होतं?' तिने बाईंना विचारलं.

'मला दुकानांच्या पाट्या रंगवायच्या होत्या. अक्षरं काढायला आवडायचं.'

'आता काढत नाही?'

'काढते की. सुट्टीच्या दिवशी. आमच्या ऑफिसची पाटी मीच रंगवलीय.'

'मग अडचण काय आहे?'

'अडचण नाही गं. विम्याचं कामही बरं आहे. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.'

मी म्हटलं, 'चुकलं माझं.' एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. बाईंनी ट्रेमधला एक पेला उचलला, अर्धा प्यायल्या आणि दुसरा मला दिला.

शेवट ऐका. अध्यक्षबाई एका मुलासमोर पाऊण तास बसल्या होत्या. काय बोलल्या ते कळलं नाही, पण चष्मा पूर्ण वेळ टेबलावर होता. निघताना म्हणाल्या, 'लहानांनी मोठ्यांना विचारायचं, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? असा मेळावा दर तीन महिन्यांनी व्हायला हवा.' खातं वाचलं. माझ्या दूरदृष्टीबद्दल बैठकीच्या इतिवृत्तात दोन ओळी आल्या आहेत. ढगाचा उल्लेख मी कुठेही केलेला नाही. फक्त तुम्हाला सांगितलं.

दंतवैद्याच्या आईचा फोन आला होता, मुलगा दवाखाना सोडायचं बोलतोय, त्याला काय शिकवलंत म्हणून. चौकशी केली तर आमच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याला सांगितलं होतं, 'सहा महिने थांबा, घाई करू नका, आधी घरी बोला.' इतका चांगला सल्ला मी तरी आजवर कुणाला दिलेला नाही.

असो. मोठ्यांना नमस्कार. तुमच्या घरात आता लहान कुणी उरलेलं नाही, तेव्हा आशीर्वाद कुंडीतल्या रोपांना द्यावेत.

तुमची,
भाची

ता. क. एवढं सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्राचं कारण वेगळं आहे. मेळावा संपल्यावर, खुर्च्या उचलायच्या आधी, हळूबाईने मला तिच्यासमोर बसवलं. विचारलं, 'लोकांना विचारायला लागायच्या आधी तुम्हाला स्वतःला काय व्हायचं होतं?' मी तोंड उघडलं, मामा, आणि काही आलंच नाही. मग ती म्हणाली, 'तुम्हाला लहानपणी पाहिलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा.' आई-बाबा तर आता नाहीत. पण सुट्टीत मी तुमच्याकडे असायचे, तुमच्या सायकलवर मागे बसून अखंड बडबडायचे, असं आई सांगायची. त्या बडबडीत मी मोठेपणी काय होणार म्हणायचे? आठवेल तेवढं लिहा. फोन करू नका. मला ते हातात धरून वाचायचं आहे.

ता. ता. क. मी 'करिअर मार्गदर्शक होणार' असं म्हणत असेन, तर मात्र कृपा करून खोटं लिहा. जहाजबिहाज काहीतरी.