दहा बोर्ड आणि खालची मोटर

हर्सूल, औरंगाबाद
१२ एप्रिल २०१६

तीर्थस्वरूप मुंजाबामामांना रत्नमालेचा वाकून नमस्कार. मामींच्या गुडघ्याची सूज उतरली का? करमाडला टँकर येतो, की नुसता येणार म्हणतात? आम्ही खुशाल आहोत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्या दिवशी आमच्याकडं सण असतो.

पत्र लांबलं त्याचं कारण आमची प्रयोगशाळा. कॉलेजच्या कपाटात दहा जुने बोर्ड पडून होते. बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी, पण आतून पुरा कॉम्प्युटर. बनवणारी कंपनी कधीच बुडाली, सोबतच्या सीडीवर कुणीतरी चहाचे कप ठेवले. तीन वर्षं पोरं वहीत बोर्डाचं चित्र काढून पास होतायत. आमचे विभागप्रमुख साहेब म्हणाले, शनिवारी भंगारवाला येतोय.

मला लई लागलं. म्हटलं, आठवडा द्या, मी यात लिनक्स घालते. लिनक्स म्हणजे मामा, कॉम्प्युटरचं गायरान. कुणा एकाच्या मालकीचं नाय, कुणीही यावं आणि वापरावं. (आपलं खरं गायरान कारखान्याच्या कुंपणात गेलं, हे अजून शिल्लक आहे.) ते मेमरी कार्डावर उतरवून बोर्डाला लावलं. पडद्यावर अक्षरं पळायला लागली, मला भरून आलं, आणि निम्म्यात बोर्ड बंद! पुन्हा लावला, पुन्हा तेच. कधी पाच मिनिटांनी, कधी तासानं. शेवटी इंटरनेटवर विचारलं. नॉर्वेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कळवलं की आधी वीज नीट येते का ते बघा. अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला हा प्लग बघायला सांगतो! मी त्यांना दीड पान सुनावलं. (रागात मला इंग्रजी बरं येतं.)

शुक्रवारी फरशी पुसता पुसता आमच्या लीलाबाई म्हणाल्या, "मॅडम, टँकर आला की खाली मोटर लावत्यात. मोटर घरघरली की तुमचं मरतंय."

"काहीतरीच!"

"मग लावून येऊ का? तुम्ही बघत बसा."

त्या खाली गेल्या. मोटर घरघरली, बोर्ड मेला. मोटर थांबली, बोर्ड उठला. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले.

शेजारच्या इमारतीतून वेगळ्या लाइनची वायर ओढली, जुने चार्जर बदलले. शनिवारी भंगारवाला पोतं घेऊन दारात, त्याच्यामागं साहेब. टेबलावर दहापैकी सात बोर्ड ओळीनं लुकलुकत होते.  साहेब पहिल्याच बोर्डापुढं खुर्ची ओढून बसले, दोन ओळी टाइप केल्या, आणि उत्तर आल्यावर म्हणाले, "कॉलेजात असताना हे करायचो मी." भंगारवाल्याला नुसते चार्जर मिळाले. मोटरीचं सांगून नॉर्वेकरांची मी माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं, "माझ्याकडं कपडे धुण्याचं मशीन होतं."

घरात सगळ्यांना माझा नमस्कार.

तुमची भाची,
रत्नमाला

ता. क. तुमच्या नातीला, प्रांजलीला, तुम्ही आमच्या कॉलेजातून काढून घरी नेलंत. "चित्रंच काढायची तर मेंढरांमागं बसून काढील," म्हणालात. आता चित्रं नाहीत, खरे बोर्ड आहेत. सोमवारी पहिलं प्रात्यक्षिक आहे, तिला पाठवा. राहील माझ्याकडं.

आणखी एक. सात लिहिलं खरं, पण चालतात पाचच. दोन बोर्डांचे नुसते दिवे लागतात; साहेब त्यांच्यापुढं बसले नाहीत ही देवाची कृपा. दुरुस्तीला लागणारे सोल्डरिंगचे बारीक टाके मला चष्म्यातूनही दिसत नाहीत. पोरगी मला हवीय मामा, तिच्यापेक्षा जास्त माझ्यासाठी.