तटस्थ पुणेकराचा अभिप्राय

रविवार, ५ जानेवारी. संध्या. ७.५०
'पृथ्वीपार'चा सातवा भाग संपला. मराठीत विज्ञानमालिका काढतात याचं कौतुक आहेच, पण माणसाने सहन किती करायचं? 'पृथ्वीपार प्रेक्षक मंडळ' या फेसबुक ग्रुपवर अकरा हजार लोक माझ्या अभिप्रायाची वाट बघत असतात. (मी तिथे 'तटस्थ पुणेकर' या नावाने लिहितो. घरात कुणाला ठाऊक नाही.) आज तो हिरवा परग्रहवासी म्हातारा घेतला. लिहिलं: "हा अभिनय नव्हे. नारळाचं खोड रंगवून उभं केलंय. झाडाने निदान नारळ तरी दिले असते."
नव्या वर्षाचा संकल्प, कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, शाबूत आहे. लिहिलंय. बोललेलो नाही.

सोमवार, ६ जानेवारी
चौदाशे लाइक. कुणीतरी हिरवा चेहरा चिकटवलेल्या नारळाच्या झाडाचं चित्र केलंय, ते माझ्याही पुढे गेलं. विरोध एकटीचाच. चैताली नावाच्या कुणी बाई आहेत. त्यांचं म्हणणं, दोष लेखनाचा. चार भागांत म्हाताऱ्याला एकच वाक्य, "वेळ झाली आहे." त्याने करायचं काय? तरी नजर त्याच्यावरून हलत नाही, म्हणजे नट चांगलाच आहे.
मी उत्तर दिलं की थोर नट एका वाक्यातही विश्व उभं करतो. अनुभवाचे बोल आहेत. ९८ च्या ऑफिस स्नेहसंमेलनात मी हवालदार केला होता. एकही वाक्य नव्हतं, लोकांना अजून आठवतो. (नम्रता म्हणते, मिशी गळून पडली म्हणून आठवतो. बायकोला नाटकातलं कळत नाही.)

बुधवार, ८ जानेवारी
घात.
लिफ्टपाशी सीतारामअण्णा पोकळे पेढे वाटत होते. धायरीतली आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे, ते. वय बहात्तर, तळमजल्यावर राहतात. म्हणाले, "टीव्हीत हाय मी! कुनाला सांगू नका म्हनून सही घेतलेली. आता सांगा म्हनले." मी विचारलं, कुठे. "त्यो पृथ्वीपारचा हिरवा म्हातारा, त्यो मीच."
सोजरबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, अण्णा दिसले त्या पहिल्याच भागात ओळखलं होतं म्हणे. लहानपणी उजव्या पायाच्या अंगठ्यावर बैलाने पाय दिला, तेव्हापासून अण्णा डाव्या पायावर भार टाकून उभे राहतात.
"खरं सांगा, कसं हाय काम?"
छान, म्हणालो. दोन पेढे खाल्ले. दुसरा नको होता, पण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

गुरुवार, ९ जानेवारी
पोस्ट डिलीट करायचं ठरवलं. मग लक्षात आलं की खाली चैतालीबाईंच्या अभ्यासपूर्ण कॉमेंट्स आहेत, त्याही जातील. एका स्त्रीचे विचार पुसणारा मी कोण? एकोणतीसशे लाइकचा इथे काही संबंध नाही. तरी उद्या सकाळी नक्की.

शुक्रवार, १० जानेवारी
सकाळी घाई होती.

रविवार, १२ जानेवारी
अख्ख्या बिल्डिंगने आठवा भाग अण्णांच्या घरी पाहिला. मला पुढची खुर्ची, उशीसकट. कारण मला 'त्यातलं कळतं'.
भाग संपल्यावर सोजरबाईंनी मलाच विचारलं, "खडकवासल्यावरनं भावाचा फोन आल्ता. ह्यांला नारळाचं खोड म्हनत्यात, म्हंजी काय वो?" मी उशी सरळ करत बसलो. नम्रता म्हणाली, असलं लिहिणाऱ्याला त्याच्या घरात कुणी विचारत नसणार. मी मान डोलावली.
निघताना अण्णांनी दारात माझा हात धरला. "तुमी शिकलेली मानसं. कुठं चुकतंय तेवढं सांगा. शनवारी शूटिंग हाय."
संधी चालून आली! केलेलं फेडायचं. रोज सहाला, गच्चीवर.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत असूनही तालीम. अण्णा सांगितलेलं सगळं करतात. चेहरा जिवंत हवा, भुवया बोलल्या पाहिजेत, म्हटलं. ते मध्येच म्हणाले, "पन डायरेक्टर तर म्हनत्यात हलूच नका." मी विचारलं, किती वयाचा आहे? तीस. मग झालं तर.
मन हलकं झालंय. त्या पोस्टचा विषय आता गौण आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी
भुवया तयार. अण्णा माझ्या पाया पडायला वाकले. बहात्तर वर्षांचा माणूस. मी झटकन मागे सरलो, पाण्याच्या टाकीवर डोकं आपटलं.

रविवार, १९ जानेवारी
पार्किंगमध्ये सोजरबाई भेटल्या. काल काय झालं ते सांगितलं.
अण्णांच्या चेहऱ्यावर रबर चढवायला चार तास लागतात. भुवई उचलली की ते फाटतं. काल दोनदा फाटलं. दिवस मावळला, शूटिंग बुडालं. तीनशे माणसांतून अण्णांना निवडलं होतं ते एवढ्याचसाठी की इतका वेळ न हलता उभा राहणारा दुसरा कुणी मिळाला नव्हता. डायरेक्टरने विचारलं, हे कुणी शिकवलं? अण्णा म्हणाले, "कुनी न्हाई. माजंच डोकं."
माझं नाव घेतलं नाही.
जेवण गेलं नाही. थोडा भात खाल्ला.

रविवार, २६ जानेवारी
हिरवा म्हातारा मेला. मरताना दाखवलाही नाही, कुणीतरी येऊन नुसतं सांगतं. चैतालीबाईंनी लिहिलं, हा लेखकाचा आळस आहे, या मालिकेत एकच नट होता आणि तोही घालवला. चार हजार लाइक. मी खाली 'सहमत' लिहिलं. एकाने विचारलं, "नारळवाले ना तुम्ही?"
अण्णांकडचा टीव्ही आज बंद होता.

सोमवार, २७ जानेवारी. संध्या. ६.४०
पोस्ट डिलीट केली. काही उपयोग नाही, चित्र सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.
मग खाली गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं. तटस्थ पुणेकर कोण, तेसुद्धा. शिव्या देतील असं वाटलं होतं. उत्तरं तयार ठेवली होती: प्रेक्षकाचा अधिकार, टीकेचं महत्त्व, आणि मुळात चेहरा ओळखूच आला नाही. सोजरबाई उठून आत गेल्या.
अण्णा म्हणाले, "लिवलं ते लिवलं, सायेब. बगनाऱ्यानं बोलावंच. पन तुमाला येत न्हवतं, तर शिकवलं कशापायी?"
मी चपला घातल्या.
मी बाहेर आल्यावर त्यांनी दार लावलं. आपटलं नाही.