गाळलेल्या पाण्यातला जीव

हैदराबाद

आदरणीय मम्मी,

जय जिनेंद्र. पर्युषणात तू फोनला हात लावत नाहीस, म्हणून श्रेयांसमामांच्या हाती हे पत्र अमळनेरला पाठवतेय. मी मजेत आहे. दिवस मावळायच्या आत जेवते, म्हणजे बहुतेक दिवस.

लॅबमध्ये काय करतेस, असं तू नेहमी विचारतेस. पाण्यात एक जीव असतो, नुसत्या नजरेला न दिसणारा. डोळ्यात शिरला तर बुबुळ पोखरतो. त्याच्यावर मी झाडपाल्याचे अर्क घालून बघते. परवा डाळिंबाच्या सालीचा घातला, तर सगळे निपचित! मी खूश. काल ताजं खाणं दिलं आणि हे पुन्हा फिरायला लागले. मेले नव्हतेच, अंगाभोवती कवच करून बसले होते. इतका हट्टी जीव मी पाहिला नाही, आपली धाकटी हर्षिता सोडून.

ती डोळ्यांतल्या लेन्स तू गाळलेल्या पाण्याने धुते. "मम्मीचं पाणी आहे, ताई," म्हणते. तुझं गाळायचं फडकं दुहेरी असलं तरी हा जीव त्यातून सहज पार होतो गं. व्हिडिओ कॉलवर तिचा डोळा लाल दिसला. धूळ गेली म्हणाली, माझं काही ऐकत नाही. लेन्स काढायला लाव आणि लगेच पप्पांबरोबर धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठव. घरचं काही डोळ्यात घालू नका, माझं डाळिंबसुद्धा.

उपास झेपतोय ना तुला?

संवत्सरीला तू सगळ्या जिवांची क्षमा मागशील. मीही मागेन. फक्त हर्षिताच्या डोळ्यात एखादा असेल, तर त्याची क्षमा तो मेल्यावर मागेन.

तुझी,
आयुषी