चौथ्या भागाच्या आदल्या दिवशी

बाबा,

माझ्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाची खरी किंमत तुम्हाला सांगतो: दिलसुखनगरचा प्लॉट, तुमच्या सुनेचा माझ्यावरचा भरवसा आणि माझी झोप. चौथ्यासाठी आता राहतं घर गहाण ठेवायचंय. उद्या सही.

तुम्ही सिकंदराबादच्या टॉकीजचे डोअरकीपर. कॉलेज सुटलं की मी तुमचा डबा घेऊन यायचो आणि पडद्याकडं डोकावायचो. एकदा सगळ्यांसमोर खेकसलात, "आत काय बघतोस? दार धर अन् ऐक!" शो सुटला. पोरं भांडतच बाहेर आली, "अरे, वो मरा कैसे? बोल ना मियाँ!" तुम्ही म्हणालात, "हा चालणार. सायकल कुठं लावली, असं विचारत निघाले की पोस्टर उतरवायचं." एवढ्यावर मी निर्माता झालो. माझ्या पहिल्या भुताच्या सिनेमातून लोक बाहेर पडले ते एकच विचारत, विहिरीतल्या बाईचं बाळ गेलं कुठं? म्हणून दुसरा भाग काढला. त्यात बाळ सापडलं. तिथंच थांबायला हवं होतं. विचारायचं काही उरलंच नव्हतं. पण मी तर हैदराबादभर सांगत फिरायचो, की दारात उभं राहून मला पिक्चरचं नशीब ऐकू येतं. फायनान्सर माझ्या कानांवरच पैसा लावतात.

तिसऱ्यात ते बाळ पोलीस झालं. तुमची सून म्हणते, "आता चौथ्यात काय, पेन्शन घेणार का?" नातू म्हणतो, "पप्पा, नाव चालतं. गोष्ट कौन देखता?"

काल तिसरा भाग लागला. हिला घेऊन मी मॉलमधल्या थिएटरच्या दारात उभा राहिलो. लोक बाहेर येतायत. ओठ हलतायत, हात हलतायत, आणि माझ्या कानात नुसती घूं घूं, जुन्या पंख्यासारखी. हिला विचारलं, "हे बोलत का नाहीत गं?" ही माझ्याकडं बघतच राहिली. मग कानाशी येऊन म्हणाली, "बोलतायत की. गाडी कुठल्या मजल्यावर लावली, ते विचारतायत."

घरी येईपर्यंत वाटेत ही काही बोलली असली, तरी मला कळलं नसेल. सही करू नये, हे कळतंय. पण का नाही करत म्हणून सगळे विचारणार. कान गेले म्हटलं, तर या धंद्यात मला ठेवणार कोण? आणि गप्प राहून सही केली, तर घर जाणार.

हे पत्र टाकू कुठं? तुम्ही तर गेलात, आणि तुमच्या टॉकीजच्या जागीही आता साड्यांचं दुकान आहे. एक मात्र हिलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या भागाचा शो सुटल्यावर फायनान्सरनं दारातच विचारलं होतं, "क्या बोलरे लोगाँ? तीसरा बनाते?" लोक काय बोलत होते, ते मला तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. मी नुसती 'हो' म्हणून मान हलवली होती.