हातोड्याच्या घरट्यातला लाल रुमाल

ती. मोलातलेगीमामा यांना,

भाचा ओलेबिले याचा टोपी काढून, मान लववून नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून लहान, आणि सेहित्वाच्या माळावर शेळ्या राखताना मी तुमचे कान किती वेळा पिळले ते आपल्या दोघांनाच ठाऊक. पण आईचा भाऊ तो आईचा भाऊ. मान लववली आहे, तिथून दिसत नसली तरी.) गुडघा कसा आहे? काळ्या बैलाची तब्येत? बैलाबद्दल सविस्तर लिहू नका, बरा आहे एवढं कळलं तरी पुरे.

इकडे सगळं ठीक. पाणी आटत चाललंय, माशांपेक्षा बगळे जास्त झालेत, आणि पाऊस सुरू झाला की आमची पाहुण्यांची छावणी बंद होऊन जो तो आपापल्या गावी जाईल. यंदा आमची स्वयंपाकीण मा-त्सेनोलो (त्सेनोलोची आई हो, मागे तिच्या हातचं कुटलेलं मांस खाऊन तुम्ही भांडं पुसून घेतलं होतंत) फ्रान्सिसटाउनला लेकीकडे कायमची चालली आहे. नातवंडं सांभाळणार म्हणे. चांगलंच आहे, नातवंडं कुणीतरी सांभाळायलाच हवीत. मला त्याचं काही नाही. फक्त पहाटे पाहुण्यांच्या आधी ती माझा चहा ओतते आणि साखर किती ते विचारत नाही, ते पुढच्या वर्षी कोण करणार, एवढाच विचार परवा मनात आला. कालही आला. आज होडी ढकलताना आला तेव्हा पाहुण्यांसकट होडी लव्हाळ्यात घुसली. पण ते असो.

लिहायचं होतं ते निराळंच. माझ्या हातून एक अपराध घडला आहे आणि त्यावर तुमच्याकडून उपाय हवा आहे. सध्या माझ्याकडे पेटिफर म्हणून एक इंग्लिश बाई आणि त्यांचे यजमान आहेत. (यजमान होडीत झोपतात. त्यांना पक्षी दाखवायचा म्हणजे आधी त्यांना उठवावं लागतं, आणि ते उठेपर्यंत पक्षी उडतो.) बाईंना बघायचंय ते मोठं तांबूस मासेखाऊ घुबड. आपल्याकडे घुबड छपरावर बसलं तर माणसं दगड मारतात, बाई त्याच्यासाठी समुद्र ओलांडून आल्या. मी त्यांना कमळाच्या पानांवर चालणारा पक्षी दाखवला, पिल्लं पंखांखाली घेऊन हिंडणारा बाप. खालून नुसते पायच पाय लोंबत होते. बाई म्हणाल्या, छान, पण घुबड? दरडीच्या भोकाभोकांतून वेड्या राघूंचा लालभडक थवा उठवून दाखवला. छान, पण घुबड? मुलगी बघायला आलेली सासू असते ना, तसं.

अशात एका सकाळी मा-त्सेनोलोचा डोईचा लाल रुमाल दोरीवरून नाहीसा झाला. तिच्या आईची आठवण होती ती. बाई रडली नाही, पण त्या दिवशी लापशी खारट झाली आणि सगळ्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. शोधाशोध करताना मलाच तो दिसला: पाण्यावर झुकलेल्या मोकुचुमोच्या झाडावर, हातोड्या पक्ष्याच्या घरट्यातून लाल टोक लोंबत होतं. हा हातोडीसारख्या डोक्याचा तपकिरी चोर काय काय उचलून नेतो ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि त्याच्या घरट्याला हात लावणाऱ्याच्या घरावर वीज पडते हेही. सगळी छावणी झाडाखाली उभी राहिली, आणि सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली.

मामा, मी चढलो. का चढलो ते विचारू नका. या वयात, या पोटासकट. खाली मगर असते म्हणून मा-त्सेनोलो स्वतः होडी घेऊन झाडाखाली उभी राहिली आणि मी मगरीवर न पडता तिच्यावर पडावं अशा बेताने काठी रोवून वर बघत होती. घरट्यात हात घातला, फडकं ओढलं, आणि शेजारच्या फांदीवर मला वाटलं ओंडका आहे, त्याने डोळे उघडले. घुबड. तेच ते, एवढं मोठं. आम्ही दोघे एकमेकांना दचकलो. ते उडालं, मी लटकलो. काठावर पेटिफरबाई आनंदाने रडल्या, यजमान जागे झाले, त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. मला सोडून, कारण मी अजून वरच होतो.

खाली उतरून मूठ उघडली तर हातात माझाच लाल पायमोजा. मागल्या हिवाळ्यात हरवलेला. उभ्या जन्मात मी उडत्या पक्ष्याचं एक पीस बघून जात सांगत आलो, आणि मला रुमाल आणि मोजा यातला फरक कळला नाही.

मी मा-त्सेनोलोला म्हटलं, बाई, रुमाल नाही मिळाला, आणि वर माझ्या घरावर वीज ओढवून घेतली. तिने माझे खरचटलेले हात मिठाच्या पाण्याने धुतले आणि मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला घर कुठे आहे, राव? एक तंबू आणि एक मोजा. विजेने यायचं तरी कुठे?”

मामा, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा वीज उतरवणारा तुमच्याकडचा म्हातारा वैद्य हयात असेल तर त्याच्याकडून काहीतरी पाठवा. गुडघ्याला जपा.

तुमचा थोरला भाचा,
ओलेबिले

ता.क. वैद्याला त्रास देऊ नका. तुम्हीच या. मा-त्सेनोलोची माणसं गुमारेला असतात. हिच्या आधीच्या संसाराचे सगळे व्यवहार केव्हाच मिटलेत, मी तिच्या मावशीकडे चौकशी केली आहे. तिथे बसून नीट, रीतीप्रमाणे, पाण्याचा तुंबा मागून माझ्यासाठी मागणी घाला. मागे आपल्या तबांगसाठी मुलगी मागायला गेलात आणि दुपारपर्यंत काळ्या बैलाचं कौतुक करत बसलात. त्या लोकांना वाटलं तुम्ही बैल विकायला आलात. या वेळी बैलाचं नाव काढायचं नाही. डोक्याचे केस पांढरे झाले तरी मला स्वतःला तोंड उघडता येत नाही, हा आपला रिवाज. माझी बाजू मांडायला तुमच्याखेरीज कुणी नाही. मला ती हवी आहे. पावसाआधी या.

ता.क. २. रुमाल सापडला. पिठाच्या पिंपामागे पडला होता. मी झाडावर निम्म्यात असतानाच तिला एकाने आणून दिला होता, हे तिने मला काल सांगितलं. मी म्हटलं, मग हाक का नाही मारलीस? तर म्हणते, “माझ्यासाठी आजवर कुणी झाडावर चढलं नव्हतं. मला शेवटपर्यंत बघायचं होतं.”

ता.क. ३. छावणीची गाडी उद्या सामान आणायला माऊनला जाते आहे. मा-त्सेनोलोही जाणार, तेव्हा पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतो आहे. स्वतः विचारायचं नाही, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलंय. पाकीट नीट चिकटवायचं, असं कुणी सांगितलेलं मला तरी आठवत नाही.