पिठाला हात या घरचा

मी, पुतळाबाई ज्ञानदेव चंदनशिवे, वय अडुसष्ट, धर्म बौद्ध, व्यवसाय बेकरीची भट्टी, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणणारे आले होते. चहा पिऊन गेले.

१. कळसच्या शिवेवरचे शेत मुलगा समाधान याला द्यावे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

२. राहते घर, दारातली भट्टी आणि भट्टीखालची जागा मुलगी करुणा हिला द्यावी. जुने गाव धरणाच्या पाण्यात जाताना माझ्या यजमानांनी घराच्या विटा गाडीत भरून इथे आणल्या. भिगवणला बेकरीत राबलेला माणूस. त्यांनी आधी भट्टी बांधली, मग घर. भट्टी पाडून तिथे दुकानाचा गाळा काढण्याचा समाधानचा विचार आहे. तो मी नामंजूर करते.

त्याच्या मनातले कारण मला ठाऊक आहे, तेही लिहिते. दिवाळीआधी वरच्या आळीच्या बायका नानकटाई भाजायला यायच्या. पीठ त्यांचे, तूप त्यांचे, पत्रे त्यांचे. सगळ्यांच्या पुढे आक्काबाई.

"पुतळे, पिठाला हात लावू नगं. आमचं आमी मळतो."

"मळा की, आक्का. दात तुमचंच हायत."

माझा विस्तव चालत होता, हात चालत नव्हता. समाधान लहानपणापासून हे बघत आला. तो म्हणतो, "आई, हा अपमान दारात कशाला ठेवायचा?" अपमान भट्टीने केला नव्हता. भट्टी राहील.

३. करुणाने पुढीलप्रमाणे करावे. तूप परातीत तळहाताने फेसावे, पांढरे होऊन फुलेपर्यंत. चिमूटभर पाण्यात टाकले तर तरंगले पाहिजे. मग पिठीसाखर, मग मैदा, थोडे बेसन. इथून पुढे मळायचे नाही. गोळा धरेल इतकेच जवळ आणायचे. आपल्याकडच्या बायकांचा हात भाकरीचा. परात दिसली की जोर लावतात, आणि नानकटाई दगड होते. आक्काबाईंची दरवर्षी व्हायची. "तुझ्या भट्टीतच खोट हाय," असे त्या म्हणायच्या. विचारले असते तर सांगितले असते.

जाळ ओढून घ्यावा, विटांच्या उबेवर भाजावे. वर चिरा पडल्या की काढावे. तेव्हा ती मऊ लागते. कच्ची समजून परत आत घालू नये. गार झाल्यावर खुसखुशीत होते. धीर धरावा.

४. भट्टी सर्वांना खुली राहील. अट एकच. पीठ कोणाचेही असो, त्याला हात या घरचा लागेल. ज्याला चालत नसेल त्याने बारामतीहून पाकीट आणावे. या अटीत करुणालाही बदल करता येणार नाही.

५. तूप फेसायची पितळी परात सून स्वप्नाली हिला द्यावी. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिने न सांगता बाह्या सारल्या होत्या. समाधानने परात मोडीत घालू नये.

६. कलम ४ ची अट गेल्या वर्षापासून लागू आहे. वरची आळी आली नाही. भट्टी माझ्या एकटीच्या पिठावर पेटली. परवा आक्काबाई काठी टेकत आल्या.

"दात गेलं, पुतळे. तुझ्या हातची दे दोन."

"देते. पण पदराखाली घरी न्यायची न्हाय. हितं वट्ट्यावर, रस्त्याकडं तोंड करून खायची."

त्यांनी रस्त्याकडे पाहिले, काठी वळवली. म्हणाल्या, "आज न्हाय जमायचं."

"भट्टी कुठं जात न्हाय, आक्का."

आज सकाळी त्या आपणहून आल्या आणि ओट्यावर बसल्या. मी हेच लिहीत होते. म्हटले, आलाच आहात तर साक्षीला अंगठा द्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणून त्यांचा वाटा आजच दिला. रस्ता वाहता होता. त्यांनी खाल्ली, आणि आणखी एक मागितली.

साक्षीदार:
१. बिरू, शेजारी. सही.
२. आक्काबाई, वरची आळी. डाव्या हाताचा अंगठा.

पुतळाबाई ज्ञानदेव चंदनशिवे. सही.
पळसदेव, २८ ऑक्टोबर १९९६

टीप: साक्षीदार क्र. २ यांच्या अंगठ्याशेजारी तुपाचा डाग पडला आहे. तो त्यांचाच आहे. खाडाखोड समजू नये.