गाडीखालची ओल

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा पाणी कमी! काल गाडीच्या इंजिनाची टाकी खुणेपर्यंत भरली होती, आज खुणेच्या खाली. कुठे जातं ते देवाला ठाऊक. माझी सून मनिषा जयगडच्या जेटीवर मासळी भरते नि पिकप रत्नागिरीच्या बाजारात नेते. गाडी डिझेलची, पण तहान सगळी पाण्याची. माणूस असती तर म्हटलं असतं, बाई, साखर तपासून घे.

अक्षर मनिषाचं, बोलणं माझं. मला लिहिता येत नाही. नात दिशा नोकरीला मुंबईला गेली तेव्हा ही वही देऊन गेली — "आजी, तू मनातलं बोलत जा, आई लिहील." मनातलं सुनेकडून लिहून घ्यायचं! पोरगी शिकली, शहाणी व्हायची राहिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

माझा मुलगा जानू आज घरी. बंदरात कामाला आहे, रविवारी सुट्टी. बॉनेट उघडून बघितलं नि म्हणाला, "पाणी घालायला विसरतेस आणि गाडीला नावं ठेवतेस."  मनिषाने भाकऱ्या शेजारी ऐकू जातील अशा थापल्या.

"आये, हे लिहू?" विचारते.

लिही गो. तुझा नवरा वाचतोय कुठे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आरे-वारेच्या चढावर काटा लालमध्ये गेला. मीही गाडीत होते, डोळे दाखवायला निघाले होते. मनिषाने कडेला घेतली. तापलं झाकण उघडायचं नसतं, म्हणून बसून राहिलो. मागे बर्फ वितळतोय, बांगडा मऊ पडतोय. फिरायला आलेले लोक समुद्राचे फोटो काढत होते. त्यातली एक गाडीशी येऊन विचारते, "मावशी, पापलेट फ्रेश आहे का?"

म्हटलं, मासे फ्रेश आहेत, गाडी शिळी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रघू मेस्त्रीने गाडी बघितली. टाकीचं झाकण बदललं, नवं कूलंट भरलं, इंजिन गार ठेवणारं ते बुळबुळीत पाणी. खाली वाकला तर सगळीकडे टपटप. म्हणाला, "काकी, हे बर्फाचं." आम्हीही तेच म्हणत होतो. मासळीच्या गाडीखाली कोरडं असतं कधी? त्यात आमचं अंगण उतरतं. गाडी तोंड खाली करून उभी राहते, मागचं पाणी वाहत इंजिनाखाली येतं.

मग म्हणाला, पाणी आतल्या आत जळत असेल, इंजिन खोलावं लागेल. मेस्त्री नि डॉक्टर एकाच शाळेतले. कळलं नाही की खोलतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

जानू म्हणतो, विकूया. मंडणगडचा एक माणूस शिमगा झाला की गाडी न्यायला येणार.

"आणि मनिषा?"

"राहील घरी. दगदग वाचेल."

दगदग म्हणे. मी डोक्यावर पाटी घेऊन वाड्या-वाड्या फिरले तेव्हा कुणाला दगदग दिसली नव्हती. मनिषा गाडी शिकली तेव्हा बांधावर बसून हसणारे होते. आता जेटीवर तिला तिच्या नावाने हाक मारतात. जानूची बायको म्हणत नाहीत. गाडी गेली की ते नावही मंडणगडला जाणार.

एवढं लिहून मनिषाने पेन खाली ठेवलं. उचललं ते एवढं लिहायलाच.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाणी कमी. झाकण नवं, दुखणं जुनंच.

३ मार्च, मंगळवार

बोटी बांधल्या. शिमग्यात आमच्याकडे दर्यात कुणी जात नाही. मासळी नाही, बर्फ नाही. मनिषाने गाडी धुतली नि पुसतेय ती पुसतेच आहे. म्हटलं, सासरी पाठवतेस की काय तिला? हसली नाही. माझंच चुकलं.

६ मार्च, शुक्रवार

आज पालखी आमच्या घरी. सकाळी अंगण सारवलं. मनिषा गाडी घेऊन नारळ नि झेंडू आणायला गेली आणि परत आली ती थेट सारवलेल्या अंगणात! वाटेवर लोकांच्या दुचाक्या, जागाच नव्हती म्हणे. मी काय काय बोलले ते लिहू नको म्हटलंय.

ढोल जवळ आले तशी तिने गाडी मागे काढली. वाळलेल्या सारवणावर बशीएवढी काळपट ओल. गाडीत बर्फाचा खडा नाही. मनिषाने बोट लावलं — बुळबुळीत. बर्फाचं पाणी बुळबुळीत नसतं.

पालखी दारात, नि आम्ही दोघी खाली बघतोय. गुरवाने गाऱ्हाणं घालताना विचारलं, काय मागणं आहे? म्हटलं, चावी जिच्या हातात आहे तिच्याच हातात राहू दे. जानूच्या खांद्यावर पालखी होती. ऐकलं त्याने. पालखी टेकल्यावर मनिषाने त्याला ती ओल दाखवली. नुसतं बोट केलं.

८ मार्च, रविवार

रघू कोरड्या गाडीखाली शिरला नि लगेच बाहेर आला. वॉटर पंपाची सील गेलेली. इंजिन तापलं की थेंब थेंब गळायचं, नि आम्ही सगळे ते बर्फाच्या नावावर घालत होतो. इंजिन खोलायला नको. पंप बदलला.

जानू "बरं झालं" म्हणाला. गाडी विकण्याचं मात्र ना हो, ना नाही. मनिषाने चावी खिळ्याला अडकवली. मी काढून तिच्या हातात दिली. तिने परत अडकवली. दोघं सारखीच, कुणाला काय सांगायचं.

१० मार्च, मंगळवार

आज अक्षर जानूचं. रात्रपाळी करून आलाय, त्यालाच बसवलाय लिहायला. खिळा रिकामा आहे. पहाटे बोटी लागल्या, मनिषा जेटीवर गेली.

लिहायच्या आधी मागची पानं वाचत बसला. मी अडवलं नाही. मधेच मी सांगायची थांबले तरी हा लिहीतच राहिला. काय लिहिलंस, वाच म्हटलं.

"मंडणगडवाल्याला नको म्हणून सांगितलं. पाणी ती रोज घालत होती."

राहू दे. खोडू नको.